वीणाताईंचा पूल आणि माझी अठरा यंत्रं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय श्री. शांताराम पाटणकर, प्रमुख पाहुण्या श्रीमती देविका साळुंखे, व्यासपीठावर बसलेल्या आपल्या सत्कारमूर्ती श्रीमती वीणाताई टिपणीस, मंडळाच्या कार्यकारिणीचे माझे सहकारी, आणि मयूर विहारपासून गाझियाबादपर्यंत रविवारची दुपार मोडून इथे आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

कोपर्निकस मार्गावरचं हे सभागृह आपल्याला साडेआठपर्यंतच मिळालेलं आहे. साळुंखे मॅडमनी खास शब्द टाकला म्हणून मिळालं, त्याबद्दल त्यांचे आभार. मला कार्यक्रमपत्रिकेत पाच मिनिटं दिलेली आहेत. अध्यक्षमहोदय, मी थोडी जास्त घेणार आहे.

वीणाताईंबद्दल काय बोलायचं हे मला काल सांगण्यात आलं. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यातली एकतीस वर्षं, मंडळाचं कोषाध्यक्षपद अकरा वर्षं, गणेशोत्सवाची वर्गणी, ग्रंथालयाची कपाटं. हे सगळं खरं आहे आणि आधीच्या वक्त्यांनी ते माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. "तो कंप्युटरचा विषय मात्र नको," असंही मला सांगण्यात आलं. मी बरं म्हणालो होतो. पण त्या विषयाशिवाय वीणाताई दिल्ली सोडून अमरावतीला बहिणीकडे का चालल्या आहेत, हे कसं सांगणार? एकतीस वर्षं इथे काढलेला माणूस हवापालटासाठी जातो का?

तर त्या विषयावरच बोलतो.

इथे निम्म्या लोकांना पूल म्हणजे यमुनेवरचा एवढंच माहीत असेल. त्यांच्यासाठी थोडक्यात. काही डिजिटल चलनं अशी असतात की जगभरची यंत्रं एक आकड्यांचं कोडं सोडवत बसतात. ज्याला उत्तर आधी सापडेल त्याला नवी नाणी मिळतात. त्या एका यशाला ब्लॉक म्हणतात. घरातल्या एकट्या यंत्राला एक ब्लॉक सापडायला वर्षभरही लागेल. म्हणून लोक यंत्रं एकत्र जोडतात आणि मिळालेलं वाटून घेतात. हाच पूल. कोणी किती काम केलं हे कळावं म्हणून प्रत्येक यंत्र आपली जवळपास आलेली उत्तरं पाठवत राहतं. त्याला शेअर म्हणतात. शेअर हा कामाचा पुरावा असतो. पैसा फक्त ब्लॉकमधून येतो.

करोनाच्या दुसऱ्या वर्षी आपल्या तेवीस घरांनी असा एक पूल काढला. वीणाताई तेव्हा नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. चालवायची जबाबदारी आपण त्यांच्यावर टाकली, कारण आकडे त्यांना कळतात आणि त्या खोटं बोलत नाहीत. दोन्ही कारणं तेव्हा आपणच बोलून दाखवली होती.

सुरुवातीला पद्धत साधी होती. ब्लॉक सापडला की त्या फेरीत, म्हणजे मागच्या ब्लॉकपासून या ब्लॉकपर्यंत, ज्याचे जितके शेअर, तितका त्याचा वाटा. पण फेरी लांबली की काही मंडळी आपली यंत्रं हळूच दुसऱ्या पुलाकडे वळवायची आणि नवी फेरी सुरू झाली की परत यायची. वीणाताईंना हे आठवड्यात कळलं. कोणाला बोलल्या नाहीत. पद्धत बदलली. फेरी कोणतीही असो, ब्लॉक सापडेल त्याच्या अगदी आधीचं ठरावीक काम मोजायचं. त्या दिवसापासून पळापळ थांबली.

मग नोव्हेंबरात मी आलो. म्हणजे पुलात मी आधीपासून होतो, पण नावापुरता. साहिबाबादला माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. तो अर्धा बंद पडलेला होता आणि विजेचं औद्योगिक कनेक्शन तसंच होतं. मी कर्ज काढून अठरा यंत्रं घेतली, जुनी. विकणारा म्हणाला, "सर, बिल्कुल चालू माल है, बस सॉफ्टवेअर मत छेड़ना, गारंटी चली जाएगी." पुलात आधी छत्तीस यंत्रं होती, ती चोपन्न झाली. एक तृतीयांश पूल माझा झाला.

कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या सात तारखेला असायचा. ब्लॉक काही तारखा बघून येत नाहीत. म्हणून मी सभेत मांडलं की प्रत्येक शेअरला ठरलेला दर द्यावा, ब्लॉक सापडो न सापडो. आपण सगळे पगारदार लोक, किंवा पगारदारांची मुलं. सगळ्यांना ते पटलं.

वीणाताई म्हणाल्या, "तसं करता येतं. पण मग नशीब चांगलं की वाईट, हा धोका तुमच्याकडून माझ्याकडे येतो. त्यासाठी राखीव रक्कम मोठी लागेल आणि माझं शुल्क चार टक्के करावं लागेल."

आपण दोन टक्के दिले. अच्छा, दोन तर दोन, असं म्हणून त्यांनी ते घेतले. राखीव रकमेत स्वतःच्या ग्रॅच्युइटीतले पैसे घातले. हे कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पुढचे नऊ आठवडे. चोपन्न यंत्रांच्या हिशेबाने दहा-अकरा ब्लॉक यायला हवे होते. आले पाच. वीणाताई रोज ठरल्या दराने पैसे देत होत्या. माझा हप्ता वेळेवर जात होता. मी त्या काळात खूश होतो का? आठवत नाही. कारखान्यात त्या यंत्रांच्या पंख्यांचा आवाज इतका असायचा की घरी आल्यावर माझी बायको कल्पना काय बोलतेय ते तासभर नीट ऐकू यायचं नाही. तेवढं आठवतं.

जानेवारीत त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "इंद्रजित, तुमची यंत्रं दोन दिवस बंद ठेवूया. सॉफ्टवेअर नवं घालून बघायचंय."

दोन दिवस बंद म्हणजे दोन दिवसांचे पैसे नाहीत. शिवाय गॅरंटी जाणार. मी म्हणालो, "वीणाताई, माझ्यावर शंका आहे का?"

"तुमच्यावर नाही. आकड्यावर आहे."

"मग आकड्यालाच विचारा."

त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. पुन्हा कधी विचारलं नाही.

फेब्रुवारीच्या सभेत त्यांनी सांगितलं की राखीव रक्कम संपली आहे. त्या सभेला इथले बरेच जण होते. एका सभासदांनी विचारलं, ब्लॉक गेले कुठे? वीणाताई म्हणाल्या, सापडलेला प्रत्येक ब्लॉक कोणत्या पत्त्यावर, म्हणजे खात्यावर, गेला हे जाहीर नोंदीत कोणालाही बघता येतं. त्यावर ते म्हणाले, "आपल्या पत्त्यावरचे दिसतात. दुसऱ्या पत्त्यावर वळवलेले कसे दिसणार?" त्यांचं नाव घेत नाही. त्यांच्यासमोर जे होतं त्यावरून कोणीही तेच म्हटलं असतं. खोलीत पंचवीस माणसं, आणि चहाचे कप खाली ठेवल्याचे आवाज.

वीणाताईंनी माझ्याकडे बघितलं. "इंद्रजित, तुम्हाला काही सांगायचंय?"

मी म्हणालो, "नाही."

जानेवारीतला फोन फक्त आम्हा दोघांना माहीत होता. त्यांनी यंत्रं तपासायला मागितली होती आणि मी दिली नव्हती, एवढं सांगितलं असतं तरी सभेचा रोख बदलला असता. मी सांगितलं नाही. त्यांनीही नाही.

त्या म्हणाल्या, "ठीक आहे. सगळ्यांचं आजपर्यंतचं काम ठरल्या दराने चुकतं करते आणि पूल बंद करते." पंधरा दिवसांत त्यांनी ते केलं. निवृत्तीनंतर राहायला गाझियाबादच्या वैशालीत बुक केलेलं घर रद्द केलं, भविष्य निर्वाह निधीतलं उरलेलं काढलं. मार्चमध्ये कार्यकारिणीने त्यांना कोषाध्यक्षपद सोडायची विनंती केली. शब्द फार सौम्य होते. ते पत्र मीच लिहिलं होतं.

त्या सभेनंतर मी घरी गेलो, जेवलो, क्रिकेटची मॅच बघितली. मला काही वाटलं नाही. वाईट वाटलं असतं तर आज सांगायला सोपं गेलं असतं.

यंत्रं मी एका मोठ्या परदेशी पुलाला जोडली. ऑगस्टमध्ये त्यांची मेल आली. तुमच्या यंत्रांकडून शेअर भरपूर येतात, पण पाच महिन्यांत एकही ब्लॉक आलेला नाही, तुमचं खातं बंद करत आहोत. मी ती कारखान्यात उभ्याउभ्या वाचली आणि त्यानंतर तीन डिलिव्हरी चलानांवर सह्या केल्या. मग एका जाणकार मुलीला, आपल्या मयुराला, यंत्रं उघडून दाखवली. तिने अर्ध्या दिवसात सांगितलं. कोणीतरी सॉफ्टवेअरमध्ये फेरफार केलेले होते, त्यात चूक राहिली होती. साधी उत्तरं यंत्र पाठवायचं. उत्तर फारच चांगलं आलं, म्हणजे ब्लॉकच्या लायकीचं, की ते चुकीचं समजून टाकून द्यायचं.

मी विचारलं, "मग ते ब्लॉक कोणाला मिळाले?"

ती म्हणाली, "कोणालाच नाही, काका. फेकले गेले."

वीणाताईंकडे जायला मला अकरा दिवस लागले. त्यांनी दार उघडलं, चहा ठेवला. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला जानेवारीत तसं वाटलं होतं. तुमच्या यंत्रांकडून साडेतीन ब्लॉक यायला हवे होते, एकही आला नव्हता."

"मग सभेत का नाही बोललात?"

"शंभरात तीन वेळा असं निव्वळ नशिबानेही होतं. तेवढ्या जागेत माणूस निर्दोष असू शकतो. मी चारचौघांत तुमचं नाव कसं घेणार?"

मी म्हणालो, सभेतल्या लोकांनी मात्र तुमचं नाव घेतलं. त्या म्हणाल्या, "त्यांनी हिशेब केला नव्हता."

मी पैसे परत देण्याची गोष्ट काढली. त्यांनी ती तिथेच थांबवली. "ठरल्या दराने दिलेले पैसे तुमचेच. धोका मी घेतला होता, पद्धतच तशी होती. आणि हे बघा, साडेपाच ब्लॉक कमी पडले. त्यातले साडेतीन तुमच्या यंत्रांचे, दोन खरंच नशिबाचे. सगळं स्वतःवर घेऊ नका." मग म्हणाल्या, यंत्रांमधल्या नोंदी मिळतील का, त्या नऊ आठवड्यांत टाकलेली उत्तरं नेमकी किती होती ते बघायचंय. मी पाठवल्या. तीन होती. त्यांनी मला मेसेज केला, "तीन. धन्यवाद." एवढाच.

सप्टेंबरात त्या चलनाने यंत्रांनी कोडं सोडवायची ही पद्धतच बंद केली. माझी अठराही भंगाराच्या भावात गेली. म्हणजे आता ज्यावर भांडावं असं काही उरलेलं नाही. आणि तरी ऑगस्टपासून आज मार्चपर्यंत, सात महिने, मी हे कोणालाही सांगितलं नाही. कल्पनालासुद्धा नाही. ती आत्ता चौथ्या रांगेत बसून ऐकते आहे. दर महिन्याला कार्यकारिणीची बैठक व्हायची, मी इतिवृत्त लिहायचो. माझी स्वानंदी इथलीच वाढलेली, तिला हा शब्द कळणार नाही. इतिवृत्त म्हणजे मिनिट्स, बेटा.

त्या इतिवृत्तात गेल्या वर्षीच्या मार्चची एक ओळ आहे, "हिशेबाबाबत सभासदांत असमाधान असल्याने." अध्यक्षमहोदय, आजच्या समारंभाचं इतिवृत्तही मीच लिहिणार आहे. त्यात पुढचं नोंदवायची परवानगी द्यावी. वीणाताई टिपणीस यांनी पुलातला एक रुपयाही घेतला नाही. तूट इंद्रजित घारपुरे यांच्या सदोष यंत्रांमुळे आणि काही अंशी नशिबामुळे आली. यंत्रं तपासायची विनंती टिपणीसबाईंनी केली होती, ती घारपुरे यांनी नाकारली आणि सभेपासून लपवली.

अध्यक्षांनी मान हलवली आहे. आभारी आहे.

वीणाताई, तुम्ही हाताने थांबा म्हणताय, ते मला दिसतंय. झालंच आहे. अमरावतीला तुमची प्रकृती चांगली राहो. तुमच्याबद्दल चार गोड शब्द बोलायला मला इथे उभं केलं होतं, ते राहूनच गेले.

साळुंखे मॅडमचे, या सभागृहाच्या कर्मचाऱ्यांचे, ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्या विष्णूजींचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. वेळेची मर्यादा मी ओलांडली, कोणाचा मान राखताना काही चुकलं असेल, शब्द कमीजास्त गेले असतील, ते सभेने पोटात घालावं. फेब्रुवारीतल्या सभेत मी "नाही" म्हणालो, ते मात्र घालू नये.