किन्हीराजाची आयरिश म्हातारी

सुकेशनी : हसू नको ना ताई. आपलं किन्हीराजा गाव इसर घडीभर. मी म्हातारी हावो, आयर्लंडची. तू नर्स. मी आत्ताच तुह्या वॉर्डात आली. चल, कर सुरू.

मंजुषा : आयर्लंडची म्हातारी शाळेचा ड्रेस घालून, दोन वेण्या घालून येते का दवाखान्यात?

सुकेशनी : शाळेतून आली न आली तं तूच बसवलं मले बाजेवर. उद्या नागपूरले आयर्लंडच्या नोकरीची परीक्षा तुही हाये का माही? चालवून घे.

मंजुषा : बरं. हॅलो, आय अ‍ॅम मंजुषा, युअर नर्स. व्हॉट हॅपन्ड?

सुकेशनी : ओ सिस्टर, आय थ्रू अप. देन आय पास्ड आउट. देन आय केम राउंड, ऑन द बाथरूम फ्लोअर.

सरिता : काय झालं म्हणते वं ते म्हातारीले?

सुकेशनी : आई, तिले उलटी झाली. मंग बेशुद्ध पडली. मंग शुद्धीवर आली, न्हाणीतच.

सरिता : एवढं झालं, आन् हासून सांगून राह्यली? तूर निवडायची सोडून आयकाव वाटलं मले.

सुकेशनी : हासू नाई तं काय करू आई, मी तं सकाळपासून पागल होऊन राह्यली या शब्दायपायी. थ्रो म्हणजे फेकणं, अप म्हणजे वर. दोन्ही शब्द पाचवीच्या पोट्ट्याले येते. जोडले का उलटी. पास साधा, आउट साधा, जोडले का मानूस बेशुद्ध. अन् एकटा पुट घे. पुट ऑन म्हणजे कपडे घाल. पुट आउट म्हणजे चूल इझव. पुट ऑफ म्हणजे उद्यावर ढकल. पुट अप विथ म्हणजे सोसून घे. एवढासा शब्द, आन् मागं कोन उभं राह्यलं त्याच्यावर त्याचं सारं नशीब.

मंजुषा : झालं तुहं भाषण? उलटीत रक्त होतं का, ते सांग.

सुकेशनी : थांब ना, अजून एक. आपलं टाक पाहा. देऊन टाक, खाऊन टाक, सांगून टाक. कुठी काय टाकते आपून? आपल्याजवळ बी हाये म्हणजे. सोळा वर्षं बोलून राह्यली मी, माह्या तोंडात होतं ते, आन् मलेच मालूम नव्हतं.

मंजुषा : म्हातारबाई, परीक्षेत पाचच मिनिटं राह्यते. ओके, मिसेस... जे असन ते. व्हेअर इज युअर रिलेटिव्ह? हू इज विथ यू?

सुकेशनी : कोनता रिलेटिव्ह?

मंजुषा : पेशंटसोबत कोन हाये ते. त्यायलेच तं इचारा लागते सगळं.

सुकेशनी : काहून? उलटी मले झाली.

(मंजुषा बाजेच्या काठावर बसते.)

सुकेशनी : काय झालं ताई?

मंजुषा : तेच केलं मी. मागच्या परीक्षेत बी हेच केलं.

सुकेशनी : तू तं म्हणली होती, त्या बाईचं इंग्रजी समजलं नाई.

मंजुषा : शब्द न् शब्द समजला होता. आमच्या अकोल्याच्या वॉर्डात पेशंट बोलतच नाई वं. आम्ही दारातूनच आवाज देतो, यांच्यासोबत कोन हाये? मंग पोरगा सांगते, सून सांगते, कवा कवा शेजारचा बी सांगते. जेवले का, झोपले का, गोळी घेतली का. पेशंट नुसता पंख्याकडं पाह्यते. तेच वळण पडलं. परीक्षेतल्या बाईले बी तसंच इचारलं. ते म्हणे, आय केम इन ऑन माय ओन.

सुकेशनी : एकटीच आली.

मंजुषा : म्या म्हणलं, मुलगा? तं म्हणे, ही डझन्ट ड्रॉप इन मच. फारसा डोकावत नाई. मंग घरी कसं करता, म्हणलं. म्हणे, आय गेट बाय.

सुकेशनी : भागून जाते माझं.

मंजुषा : खोटी पेशंट होती ते, परीक्षेवाली, लिपस्टिक लावलेली. तरी माह्या तोंडून पुढचा शब्द निघाला नाई. म्हातारं मानूस उलट्या करत एकटं येते, आन् म्हणते भागून जाते. मी पाह्यतच राह्यली तिच्याकडं. वेळ संपला. या खेपेले बी गप झाली, तं जागा दुसरीले जाते. तसं कळवलं त्यायनं.

सरिता : खरंच कोनी नसते तिथं पेशंटसंगं?

मंजुषा : असते कोनाचं कोनाचं. पन बरेच जण एकटेच येते.

सरिता : मंग डबा कोन आनते?

मंजुषा : दवाखान्यातच भेटते.

सरिता : उठून बसवाले? संडासले न्यायले?

मंजुषा : नर्स.

सरिता : रडू आलं तं?

मंजुषा : नर्सच, आई.

सरिता : बापा. घरच्या साऱ्यायचं काम एका पोरीच्या अंगावर. मंजे, मोठंच काम हाये तुहं. मले वाटे सुया टोचतं.

सुकेशनी : पुन्हा करू ताई. या वेळी मी रडून दाखवते.

मंजुषा : तू हासतं. तुह्याकडं पाह्यलं का मले बी हासू येते. उद्या सकाळची गाडी हाये, आन् इथं तमाशा चालू हाये.

सरिता : सरक वं सुके. मी होतो म्हातारी.

सुकेशनी : आई, तुले इंग्रजी कुठी येते?

सरिता : तू सांगजो मले मराठीत. मी काय म्हणते ते तिले इंग्रजीत सांग. सरक.

(सरिता सूप बाजूला ठेवून बाजेवर आडवी होते.)

मंजुषा : गुड इव्हनिंग. व्हॉट ब्रिंग्ज यू इन टुडे?

सुकेशनी : आज काहून आल्या म्हणे दवाखान्यात.

सरिता : पाय सुजते मा. अंगणवाडीतून घरी येऊस्तोर चप्पल रुतते.

सुकेशनी : वा आई. माय फीट स्वेल अप, सिस्टर.

मंजुषा : आय सी. व्हेन डिड इट कम ऑन?

सुकेशनी : कवापासून सुरू झालं?

सरिता : पोळ्यापासून.

मंजुषा : डू दे गो डाउन बाय मॉर्निंग?

सुकेशनी : सकाळी उतरते का?

सरिता : अगोदर उतरे. दिवाळीपासून नाई उतरत.

मंजुषा : आई.

सरिता : काय?

मंजुषा : हे खरं हाये का?

सरिता : तू इचारलं म्हणून सांगितलं.

मंजुषा : मी रोज इचारतो फोनवर.

सरिता : सुकेशनीले इचारतं. आईची तब्येत कशी हाये वं? ते म्हणते, मस्त हाये. झाला फोन.

सुकेशनी : मले खरंच मस्त वाटे आई. तू तं अंगणवाडीची खिचडी शिजवून, पोट्टे सांभाळून, वावरात बी जातं. मी कवा पाय पाह्यलेच नाई तुहे.

सरिता : तुह्यावर कोनी बोट नाई ठेवून राह्यलं. मंजे, इचार पुढं. वेळ चालला.

मंजुषा : दाखव बरं पाय.

सरिता : इंग्रजीत.

मंजुषा : आई, परीक्षा राहू दे.

सरिता : राहू कायले देऊ? तुह्या बाबाच्या मागं दोन पोरी शिकवल्या ते राहू द्याले का? इंग्रजीत म्हण.

मंजुषा : आय अ‍ॅम गोइंग टू प्रेस डाउन हिअर. टेल मी इफ इट हर्ट्स.

सुकेशनी : दाबून पाह्यते. दुखलं तं सांगजा. ताई, खड्डा पडला बोटाचा. तसाच राह्यला.

मंजुषा : हू लुक्स आफ्टर यू अ‍ॅट होम?

सुकेशनी : घरी तुमाले कोन सांभाळते?

सरिता : सध्या हे पोट्टी हाये. दोन वर्षानं ते बी अमरावतीले जाईन शिकाले, न् तू समुद्रापार. भागून जाईन माहं.

सुकेशनी : शी सेज... आय विल गेट बाय, सिस्टर.

सरिता : झाली का गप?

सुकेशनी : ताई, बोल ना.

मंजुषा : यू डिड वेल टू कम इन. यू हॅव पुट अप विथ धिस फॉर टू लाँग. वी विल फाइंड आउट व्हॉट इज गोइंग ऑन, युअर ब्लड, युअर हार्ट, युअर किडनीज. कट डाउन ऑन सॉल्ट. कीप युअर फीट अप. अँड आय अ‍ॅम नॉट गोइंग टू पुट इट ऑफ.

सुकेशनी : हळू ताई, मी कशी सांगू एवढं? आई, ते म्हणते, आल्या ते बरं केलं. लय दिवस सोसलं तुमी. रक्त, काळीज, किडनी, सारं तपासू. मीठ कमी करा, पाय उंच ठेवा. आन् मी हे उद्यावर ढकलणार नाई. आई, ताईच हाये ना वं हे? असं बोलतानी म्या तिले कवाच नाई आयकलं. वॉर्डातले लोक हे रोज आयकत असन.

सरिता : काय वाटलं तुले ते नीट सांग. पास होईन का?

सुकेशनी : मी तं हात जोडले असते, म्हातारी असती तं.

मंजुषा : उद्या तू बी येतं आई नागपूरले. माही परीक्षा होईस्तोर दोघी बाहेर बसा. मंग तिथंच दवाखान्यात जाऊ. सुके, तू शाळा बुडव.

सुकेशनी : बुडवली. मी सांगते डॉक्टरले सारं, पोळ्यापासून दिवाळीपर्यंत.

सरिता : नाई. डॉक्टरसंगं मी बोलन. तुमी दोघी भाईर बाकावर बसजा.