धरलेला मासा सोडनारी मानसं

...आन् सोडून देत्यात हो! हातात आलेला, जित्ता, मांडीएवढा मासा, गपकन पान्यात सोडून देत्यात! तुम्हाला सांगतो, मी ह्या सेकुरे नदीच्या काठाला जन्माला आलो, माझा बाप बानानं मासा मारायचा, आज्जा बानानं मारायचा, पन मासा धरून, त्येचा मुका घेऊन, त्येला परत त्येच्या घरी लावून देनारी मानसं मी गोऱ्यांच्या ह्या मासं धरायच्या क्याम्पावरच पैल्यांदा बघितली.

आन् येत्यात किती लांबनं! मोठं इमान, मंग बारकं इमान, मंग त्याहून बारकं, ते जंगलात गवतावर आदळतंय आन् त्यातनं ही गोरी मानसं भाईर पडत्यात. अंगभर फडकी गुंडाळलेली, नुसतं नाक दिसतंय, आन् त्या नाकालाबी पांढरं कायतरी फासलेलं. का तर चिलटं चावत्यात. आरं, जंगलात आलास, चिलटं चावनारच, का मुजरा घालनार हाईत तुला? आन् गळाला काय लावत्यात? किडा? मांस? नाव नको! कोंबडीची पिसं! रंगीत दोऱ्यानं बांधल्याली पिसं! आन् ती काठी डोक्यावर मागं-फुडं, मागं-फुडं, नुसती हालवत बसायची, जनू कुनी आंगावरच्या माशा हाकलतंय. पैल्या दिशी सगळी पिसं झाडाला, दुसऱ्या दिशी झाडाला, तिसऱ्या दिशी माझ्या कानाला! अजून वन हाय, हे बघा! झाडावर चढून पिसं कुनी सोडवायची? म्या. गोरा खाली उभा राहून म्हनतोय, "सावकाश हां, महागाचं आहे." झाड महागाचं न्हाई, माझी तंगडी महागाची न्हाई, पिसं महागाची!

पन जाऊ द्या, आपल्याला काय, आपलं काम डोंगी रेटायचं. फुडं वासा घेऊन माझा मेव्हना तोरिबियो, मागं वासा घेऊन मी, आन् मधी गोरा नवरदेवावानी बसलेला. जोराचं पानी आलं की आमी दोघं कमरेएवढ्या पान्यात उतरून ढकलायचं, तो बसूनच. आन् गोऱ्याच्या जोडीला त्यो अर्जेंटिनाचा नेस्तोर, साहेब लोकांचा वाटाड्या, त्येला ह्या नदीतलं कळतंय असं त्येलाच वाटतंय. 'आरं'ला 'चे' म्हनतोय. "चे, कासिमिरो! हळू चाल! मासा घाबरतो!" घाबरतो? ह्यो सोनेरी दोरादो मासा? त्येचं तोंड बघितलंस का कधी? कुत्र्यासारखं दात! साबालो माशाचा कळप समोर आला की अर्धी नदी लाल करतोय त्यो! माझ्या पायाला घाबरतोय म्हनं!

आता तुम्ही म्हनशीला, कासिमिरो, तुझं का एवढं पोट दुखतंय? त्येंचा मासा, त्येंनी सोडला.

पोट दुखायचं कारन माझी बायको.

माझी रुफिना माझ्या मामाचीच पोरगी, म्हंजे आन्सेल्मो मामा माझा मामाबी आन् सासराबी. आन् आमच्यात जावयानं सासऱ्याच्या चुलीवर मासा न्यायचा असतोय. मांस न्यायचं असतंय. रिकाम्या हातानं सासऱ्याच्या दारात उभा राहनारा मानूस म्हंजे भिजलेलं कुत्रं. आन् मी क्याम्पाच्या कामाला लागल्यापास्नं काय नेतोय? पगारातनं घेतलेला डब्यातला मासा! तेलात बुडवलेला! मामानं डबा हातात घेतला, हालवला, कानाला लावला. म्हनला, "भाच्या, तू दिसभर काय करतोस?"

"मासं धरायच्या कामाला जातो मामा."

"मंग ह्यो मासा डब्यात कोन शिरवला?"

आता काय सांगू! सगळं बसलेलं चिचा पीत, युकाच्या कंदाची आंबवलेली दारू ती, आन् सगळ्यांच्या नाकातनं चिचा भाईर! रुफिनाला लाज वाटली. आमची तान्ही पोरगी काखंत मारली आन् नदीपल्याड बापाच्या घरी निघून गेली. मामा म्हनला, "दोरादो आन. सोताच्या हातानं. मंग ने बायकू." म्हनलं, मामा, साबालो आनतो, लगेच आनतो! "साबालो माझी शेळपट पोरंबी आनत्यात."

बरं, दोरादो मारायचा न्हाई ह्यो नियम कुनाचा? क्याम्पवाल्यांनी गावाची सभा घेतली, शाळंच्या छपराला पत्रं देतो म्हनले, दवाखान्याची खोली देतो म्हनले, फकस्त दोरादो मारू नका. आन् हात वर करायला सगळ्यात फुडं कोन? आन्सेल्मो मामा! दोनी हात वर केलं त्यानं! आन् आता मलाच म्हनतोय दोरादो आन! म्हनलं, मामा, तुमीच हात वर केलावता की. तर म्हनतोय, "हात वर केला तवा तू माझा जावई न्हवतास."

घर खायला उठायचं हो. चूल इझलेली, पोरीचा झोका रिकामा. आन् मी रोज दोरादो हातात धरतोय आन् रोज सोडून देतोय!

तर त्या हंगामात एक दाताचा डागतर आलता, व्हिटलॉक नावाचा, टेकसासचा, लाल तोंडाचा, मानूस वाईट न्हवता पन रडका. चार दिस त्यानं झाडं धरली. पाचव्या दिशी काय झालं देव जानं, पिसं चुकून पान्यात पडली आन्... धाड! असा दोरादो लागला, असा, तुम्हाला सांगतो, पान्याभाईर उडाला तर सगळ्या डोहावर ऊन सांडल्यावानी झालं! डागतर किंचाळतोय, नेस्तोर किंचाळतोय, "सोड दोरी! ओढ दोरी! सोड!" त्येलाबी ठावं न्हवतं कुठलं. शेवटी मासा थकला आन् उथळ पान्यात आला. आन् धरायला कोन? म्या. मी गुडघ्याएवढ्या पान्यात, शेपटी माझ्या मुठीत, पोट माझ्या तळव्यावर.

नेस्तोर म्हनतोय, "हळू, चे. तोंड पाण्याच्या धारेकडं. बाळाला निजवतात तसं हालव. त्याला श्वास घेऊ दे."

बाळाला! माझं बाळ नदीपल्याड मामाच्या झोक्यात, आन् मी हितं माशाला निजवतोय! तरी हालवलं हो, कसम खातो, हालवलं. डागतर फोटोसाठी शर्टाची बटनं लावत व्हता. आन् तेवढ्यात मासा हिसडला. आता तुम्हीच सांगा, पोर चालायला लागल्यापास्नं मासा हिसडला की आमच्यात काय करत्यात? इचार करत्यात? माझा उजवा हात आपला आपन डोंगीत गेला, दांडकं घेतलं, आन् ठाक! डोक्यात! एकच!

मासा एकदाच थरथरला आन् निपचित पडला.

डागतर मटकन पान्यात बसला आन् रडायला लागला. "ओऽऽ! का? का?" नेस्तोरनं टोपी काढून पान्यात आपटली, त्येच्या देशातल्या समद्या शिव्या मला एका दमात कळल्या. "अरे मूर्खा! सोडायचा होता! सोडायचा!" म्हनलं, हाताला कोन सांगनार! तोरिबियो डोंगीत वासा धरून गुमान उभा, दात काढत.

मला वाटलं काम गेलं. पन डागतर नाक पुसून म्हनला, "नको, त्याला काढू नका. त्याचा हात घसरला." घसरला म्हनं! मंग नेस्तोर म्हनला, मेलेला मासा वाया घालवता येत न्हाई, भाजूया. डागतर म्हनतोय, "मी नाही खाणार. तो माझा मित्र होता." मित्र! पिसाचा गळ कुनी रुतवला मित्राच्या जबड्यात?

आन् हितंच माझं नशीब फुटलं बघा. वाळूत जाळ केला, मासा पानात गुंडाळून निखाऱ्यावर ठेवला, वरनं मीठ आन् लिंबू. आन् आमच्यात रीत काय? ज्याच्या गळाला मासा, वाटनी त्येची. दुसऱ्यानं मागायचं न्हाई. मागनं म्हंजे सोताच्या तोंडाला शेन फासनं. आपन जाळाशेजारी गप बसायचं, खाली बघत, म्हंजे ज्याचा मासा त्येला कळतंय का ह्येला पायजे. मी म्हनलं, अर्धा मासा द्येनारच की हा, लई मोठा मासा हाय, अर्धा मामाच्या चुलीवर, रुफिना घरी. मी बसलो. खाली बघितलं. लई गप बसलो हो! माझ्याइतकं गप सबंध नदीवर कुनी बसलं नसल!

डागतरनं नेस्तोरच्या आग्रहानं एक घास घेतला. थांबला. दुसरा घेतला. मंग सुटलाच की! दोनी हातांनी! एवढी वर्सं त्यो मासा धरून सोडत आलेला मानूस, त्येला कळलं आपन काय सोडत व्हतो! बोटं चाटतोय, डोळ्यातनं पानी, आता कशाचं कुनाला ठावं. नेस्तोर जेवतोय. आन् तोरिबियो! माझा मेव्हना! मिशनच्या शाळंत जाऊन आलेला, त्येला रीतभात राहिली न्हाई, फडाफडा म्हनतोय, "मला द्या, आनी द्या, तो पोटाकडचा द्या."

डागतरनं माझ्याकडं बघितलं. मी आनी जरा खाली बघितलं. त्यो नेस्तोरला म्हनतोय, "हा जेवत नाही का?"

नेस्तोर म्हनतोय, "नाही वाटतं. पश्चात्ताप होतोय बिचाऱ्याला."

पश्चात्ताप! आरं, भूक लागलीया मला! बायकू पायजे मला! पन बोलनार कसा? रीत! डागतरचं डोळं पानावलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेलकट, आन् शेवटचा तुकडा सोताच्या तोंडात घातला. मंग उठला, माशाचं डोकं उचललं आन् नदीकडं निघाला. म्हनतोय, "ह्याला तरी परत पाण्यात देऊ."

ते बी सोडून द्यायला निघाला हो!

तवा मातुर रीत गेली खड्ड्यात. झडप घातली, डोकं हिसकलं, छातीशी धरलं. डागतर दचकला, मंग हुंदका देऊन नेस्तोरला म्हनला, "किती प्रेम होतं ह्याचं माशावर!"

घेऊन गेलो मामाकडं. तोरिबियो आधीच पोचलेला, सगळं सांगून झालेलं, वर ढेकर! मामानं डोकं मांडीवर घेतलं. जबडा फाकवला. एकेक दात बघितला. टाळूपास्नं गालापर्यंत वीत मापली. म्हनला, "भाच्या, मासा लई मोठा व्हता."

"व्हय मामा."

"असला मासा माझ्या बापानं एकदा मारलावता."

"व्हय मामा!"

"बाकीचा कुठाय?"

म्या तोरिबियोच्या पोटाकडं बघितलं. मामानंबी बघितलं. तोरिबियो म्हनला, "आबा, ह्यो बसला गप, मी काय करू?" आन् मामा, तुम्हाला सांगतो, रीतीचा एवढा पक्का मानूस, म्हनला, "गप बसला ते बराबरच केलं त्यानं." म्हंजे चूक कुनाचीच न्हाई! मासा तेवढा न्हाई!

मंग रुफिना भाईर आली. पोरगी कडेवर. डोकं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन् म्हनली, "हे बघा, ह्येनं काय आनलंच न्हाई असं न्हाई. जेवढा मासा आला, तेवढी मी जाईन."

मामा हसून हसून चटईवर आडवा! मला कळंचना. म्हनलं, तेवढी म्हंजे?

दुसऱ्या दिशी सकाळी कळलं. तवापास्नं रोज ऊन वर आलं की रुफिना नदी उतरून क्याम्पासमोरच्या वाळूत येऊन उभी राहती आन् बोलाया सुरू करती. डबा, झोका, इझलेली चूल, तोरिबियोचं पोट, माझी आई, सगळं निघतंय. गोरी मानसं च्या पीत ओळीनं उभी राहून फोटू काढत्यात, नेस्तोर त्येंना सांगतोय, ही ह्या लोकांची जुनी प्रार्थना आहे. बोलून झालं की परत पल्याड. जेवन तिकडं, निजनं तिकडं, पोरगी तिकडं. बाकीची बायकू मामाच्याच घरी हाय हो... माझ्या वाटनीला आलंय ते नुसतं तोंड.