बुधवारी चार ते पाच

हॅलो? … हो, कुलगुरूच बोलतेय. … नाही, नाही, सेक्रेटरी नाही. बुधवारी चार ते पाच विद्यार्थ्यांचे फोन मीच घेते. बोल बाळ, काय विचारायचंय?

ग्रंथालय? … रात्री दहापर्यंत. … हो, रविवारीसुद्धा. … आणि वसतिगृहाच्या गरम पाण्याचं विचारणार असशील, तर आजचा तो पंधरावा फोन. प्लंबर आलाय. … ते नाही? मग?

प्रवेश रद्द करायचा फॉर्म? … खिडकी क्रमांक तीन. आज शेवटचा दिवस, पाचला बंद होते. … अच्छा, रांगेतच उभी आहेस. फॉर्मही भरलाय. मग मला फोन कशाला केलास गं? … हं. … ‘कारण’ या रकान्यात काय लिहिलंस? … ‘घरगुती अडचण’. घरी काय अडचण आहे? … काहीच नाही. … नवरा रोज बसपर्यंत सोडायला येतो… थांब, तुझं वय किती? … त्रेचाळीस. अहो, आणि मी मघापासून बाळ काय म्हणतेय. माफ करा हं.

हसलात, बरं वाटलं. आता खरं कारण सांगा. … हो, हो… ऐकतेय. … पहिल्या दिवशी वर्गात शिरलात आणि सगळी मुलं उभी राहिली. … मॅडम समजून. … आणि तुम्ही गपचूप शेवटच्या बाकावर. … हजेरीत नाव आल्यावर कळलं त्यांना. मग मिटलं की. … नाही मिटलं?

जेवायच्या सुट्टीत शिपायाने दार उघडून दिलं. … कुठलं दार? … शिक्षकांच्या जेवणाच्या खोलीचं? … आणि तुम्ही डबा घेऊन आत गेलात. … अहो, पण तीन आठवडे? … वनस्पतिशास्त्राचे सर रोज तुमच्यासाठी खुर्ची ओढतात. … विषय विचारला की ‘गणित’ म्हणता. खरंच आहे, खोटं कुठे बोललात. … नाही हो, हसत नाहीये. … बरं, हसतेय. पण तुम्हाला नाही.

काय? … उद्याच्या चाचणीला पर्यवेक्षक म्हणून तुमचं नाव लावलं? … त्याच सरांनी. … नव्या मॅडमनाही थोडं काम हवं म्हणून. … आणि चाचणी कोणाची? … प्रथम वर्ष, गणित. म्हणजे तुमचीच.

अहो, रडू नका. ऐका ना… ऐका. यादीतलं नाव मी आत्ता काढायला लावते, एका फोनचं काम. पण सरांना तुम्हीच सांगायचं. … हो, तुम्हीच. मी सांगितलं तर ते ओशाळतील, तुम्ही सांगितलंत तर पोट धरून हसतील. … ओळखते ना मी त्यांना. माणूस लाखाचा आहे.

एक सांगा, वर्गात शिकवलेलं कळतंय का? … वीस वर्षं कापड बेतलंय, हिशेब डोक्यात पक्का. … कालचं उदाहरण एकट्या तुम्हाला सुटलं? … मग मुलं काय म्हणाली? … ‘काकू, जेवताना आम्हाला समजावा.’ … आणि तुम्ही गेला नाहीत? … कॅन्टीन कुठे आहे तेच माहीत नाही. … तीन आठवड्यांनी कुठल्या तोंडाने विचारायचं. … अहो, एवढ्यासाठी पदवीवर पाणी सोडणार?

मी सांगू? … कसं सांगू. नव्या इमारतीत हलवलं म्हणे, मलाही ठाऊक नाही. … थट्टा नाही. दोन वर्षं झाली इथे येऊन, माझा डबा याच टेबलावर उघडतो. एकटीचा. … मीही कुणाला विचारलेलं नाही. … हो, लाजच वाटली. कुलगुरूंना कॅन्टीन सापडत नाही म्हणतील. …

काय झालं? … नंबर आला तुमचा? … बरं. फॉर्म द्यायचा तर द्या, तो तुमचा हक्क आहे. मी मधे बोलत नाही. …

…

हॅलो? … काय विचारलंत खिडकीतल्या बाईला? … परत सांगा. … ‘विद्यार्थ्यांचं कॅन्टीन कुठे आहे?’ … आणि फॉर्म? … पर्समध्ये. … बरं. … नाही, नाही, काही नाही झालं मला, सर्दी आहे. … काय म्हणाली ती? … थांबा, थांबा, पेन घेते. … जिन्याखालून डावीकडे… मग? … हॅलो? … हॅलो?

असू दे. डावीकडे. पुढचं विचारीन कुणाला तरी.