माझा पिवळा पट्टा आणि अण्णांची फक्की

जमलेल्या सगळ्यांना जय भीम, नमस्कार, सलाम. लक्ष्मीवहिनी, तुम्हालाही नमस्कार. मी माईक हातात घेतला तशी तुम्ही मान फिरवलीत, ते मी बघितलं. फिरवा. तुमचा हक्कच आहे तो.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी वाघमारे. पालिकेच्या अतिक्रमण विभागात होतो, आता निवृत्त आहे. सात रस्त्याच्या अलीकडच्या कोपऱ्यावरचे तुमचे गाडे उचलून न्यायचा, तो मीच.

आज इथं बोलणं अवघड आहे. दुःखामुळं अवघड आहे असं म्हणालो तर ते अर्धंच खरं. मघापासून मी माणसं बघतोय. खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, दारात लोक उभे आहेत. केळी विकणाऱ्या एका माणसासाठी! मी अख्खी उमर सरकारी नोकरी केली, आणि माझ्या निरोप समारंभाला समोसे उरले होते. तेव्हा खरं सांगतो मंडळी, अंबादासअण्णा गेले याचं वाईट वाटतंय, आणि त्यांच्यासाठी एवढी माणसं आली याचंही वाईट वाटतंय. हसू नका. खरं बोलायलाच आलोय.

तो कोपरा तुम्हाला माहीत आहे. फुटपाथ आमचा, गाडे तुमचे, आणि चालणारा माणूस कुणाचाच नाही. तो बिचारा रिक्षांच्या मधून चालायचा. मी तिथं पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा मारून घेतला. टेप लावून, परिपत्रकातल्या मापानं. पट्ट्याच्या आत गाडे, बाहेर माणसं. किती दिवस पाळलात? आमची गाडी दिसली की 'गाडी आली, गाडी आली' अशी आरोळी, आणि सगळे गाडे बोळात. आमची गाडी वळली की सगळे गाडे परत पट्ट्यावर. चाकं फिरून फिरून माझा पट्टा महिन्यात पुसला.

मग एक दिवस एक म्हातारी बाजाराची पिशवी घेऊन चालली होती. अण्णांचा गाडा आडवा होता म्हणून ती रस्त्यावर उतरली, आणि रिक्षा तिला घासून गेली. फार लागलं नाही, कोपर खरचटलं. अण्णांनी तिला गाड्यावर बसवलं, पाणी दिलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हा माणूस भोकं पाडलेल्या डब्यात फक्की घेऊन आला. कबड्डीचं मैदान आखायची ती पांढरी फक्की.

माप कसं घेतलं? टेप नाही, परिपत्रक नाही. स्वतःच्या बायकोला, म्हणजे या वहिनींना, आणि फुलं विकणाऱ्या शकीलाआपांना दोन्ही हातांत पिशव्या देऊन शेजारी शेजारी चालवलं. एकीची पिशवी दुसरीला लागली नाही पाहिजे. त्या जिथनं चालल्या, तिथं रेघ. विजेच्या खांबापासून लिंबाच्या झाडापर्यंत. रोज सकाळी, गाडे लागायच्या आधी.

आणि तुम्ही पाळलीत! फुंकर मारली तर उडेल अशी रेघ. माझा ऑइलपेंट तुडवलात, आणि फक्की पाळलीत! मी एकदा चुकून तिच्यावर पाय दिला तर शकीलाआपा मलाच म्हणाल्या, "साब, अण्णा की लकीर हाय वो. पाँव मत देव." मला! वर्दीतल्या माणसाला!

मंडळी, तेव्हापासून मला हा माणूस सहन होईना. त्यानं माझं काय घेतलं होतं? काहीच नाही. जे मला कधी मिळालं नाही तेच त्याला मिळत होतं, एवढंच. आणि ते त्यानं मागितलंही नव्हतं. मागितलं असतं तर मी त्याला निदान लबाड तरी म्हणालो असतो.

पुढं आमचे मोठे साहेब पाहणीला आले. मोकळा फुटपाथ बघून खूश झाले. "हे कुणी केलं?" मी एक पाऊल पुढं झालो होतो, छाती काढून. तुम्ही सगळ्यांनी अण्णांकडं बोट दाखवलंत. साहेबांनी अण्णांशी हात मिळवला. आणि मला म्हणाले, "वाघमारे, शिका जरा यांच्याकडून."

शिकलो का? नाही. त्याच आठवड्यात गाडी घेऊन आलो आणि अण्णांचा गाडा उचलला.

वहिनी, आता ऐका. हे सांगायलाच मी उभा आहे. तुमचा गाडा रेघेच्या आत होता. वीतभर आत होता. मी कागदावर लिहिलं, 'रहदारीस अडथळा'. खोटं लिहिलं. कुणाचा दबाव नव्हता, वरून आदेश नव्हता. मी जळत होतो म्हणून गाडा नेला. चार दिवस गोदामात ठेवला आणि तुमची केळी काळी पडली. वर शिपायाला सांगून त्या रेघेवर पाणी ओतायला लावलं.

अण्णांनी ना आरडाओरडा केला, ना पाया पडले. म्हणाले, "साहेब, गाडा न्या की. पर हितं पानी नका टाकू, बायामान्सं घसरत्याल." मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि दुसऱ्या दिवशी? गाडा नाही, धंदा नाही, तरी सकाळी डबा घेऊन हजर. बाकीच्यांसाठी रेघ मारली. स्वतःची जागा रिकामी ठेवून खांबाला टेकून उभे राहिले. त्या रिकाम्या जागेत तुम्ही कुणी चाक घातलं नाहीत. मी समोरच्या टपरीवर चहा पीत ते बघत होतो.

नंतर मी निवृत्त झालो. मग आमच्या सुमनला झटका आला, डावी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, रोज चालवा. आमच्या बोळात खड्डे, म्हणून मी तिला वॉकर घेऊन याच कोपऱ्यावर आणायला लागलो. एका बाजूनं वॉकर, शेजारी मी. पहिले दोन दिवस अडखळलो. तिसऱ्या दिवशी बघतो तर सगळे गाडे हातभर मागं! मला काय वाटलं असेल? मला वाटलं, बघा, वाघमारे निवृत्त झाला तरी वचक आहे. घरी जाऊन सुमनलाही तेच सांगितलं. जुन्या ऑफिसात जाऊन सांगितलं. वर्षभर सांगत होतो.

अण्णा जाऊन आज बारा दिवस झाले. रेघ नाही. मंडळी, रागावू नका, पण रोज एकेक चाक पुढं सरकतंय. परवा सुमनचा वॉकर शकीलाआपांच्या फुलांच्या पाटीत अडकला. मी माझ्या जुन्या आवाजात ओरडलो. तेव्हा आपा रडायला लागल्या आणि त्यांनी सांगून टाकलं. मी चहाला गेलो असताना अण्णांनी त्या वॉकरचं माप घेतलं होतं, स्वतःच्या पंच्यानं. दुसऱ्या दिवसापासून रेघ मागं घेतली. आणि सगळ्यांना बजावलं होतं, "साहेबास्नी कुनी बोलू नका. त्यास्नी वाटू द्या की, त्येंच्यामुळंच हाय म्हनून."

मी सुमनकडं बघितलं. ती म्हणाली, "मला म्हाईत होतं. तुमच्या पट्ट्यावरनं मी कधी चालले? मी अण्णांच्याच रेघंनं चालले."

म्हणजे माझी बायकोसुद्धा! सांगा आता, माणसानं जळायचं तरी किती? गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरलाय. मला माफी मागायची सोय न ठेवता तो निघून गेला.

आता कामाचं बोलतो. माझ्या जागेवर आलेला अधिकारी माझ्याच हाताखाली शिकलाय. त्यानं निरोप पाठवलाय. सोमवारी गाडी येणार. फुटपाथ मोकळा दिसला नाही तर कोपऱ्यावर एकही गाडा राहणार नाही. तो बोलतो तसं करतो, कारण मीच त्याला तसं शिकवलंय. सोमवारला तीन दिवस आहेत.

म्हणून काल मी वहिनींच्या दारात गेलो, तो डबा मागायला. वहिनी म्हणाल्या, "ज्यानं रेग पुसली त्याच्या हातात देऊ व्हय?" आणि दार लावलं. बरोबर केलंत वहिनी. मीही दिला नसता.

तर आज चारचौघांत मागतोय. नाही दिलात तरी मी जुना पत्र्याचा डबा आणलाय, खिळ्यानं भोकं पाडलीत. उद्या सकाळी सात वाजता सुमन वॉकर घेऊन खांबापासून निघेल. माप मी घेणार नाही, टेप आणणार नाही. ती जिथनं चालेल, तिच्या मागं वाकून मी फक्की टाकत येईन. झाडापर्यंत. मग परवाही. मग रोज, गुडघे चालतील तोवर.

आणि येणारे जाणारे म्हणतील, अण्णांची रेघ आहे, पाय देऊ नका. माझ्या हातची रेघ, आणि नाव त्यांचं. म्हणू द्या. मी रोज सकाळी जळेन आणि रोज सकाळी ती मारेन.

अण्णा, तुम्हाला जय भीम. जिंकलात तुम्ही.

आता सगळ्यांनी उभं राहू या. दोन मिनिटं कुणी बोलू नका. आणि दारातल्या मंडळींनो, जरा आत सरका. मधली वाट मोकळी सोडा.