चटईखालून

सवाई बेटाच्या बोटीची रांग हलत नव्हती. माझ्यापुढे एक शाळकरी मुलगी आणि तिचे वडील उभे होते.

"वर्गातून उठून का गेलीस, लांगी? बाई विचारत होत्या."

"वर्गात वाचतोय त्या कादंबरीतला पोरगा फार तापट आहे, बाबा. दगड मारून शेजारच्या मुलाचं डोकं फोडतो. सगळे हसले, मीही हसले."

"मग?"

"पुढच्या पानावर त्याचा बाप शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन बसतो. चटई पांघरून, भर उन्हात, माफी मिळेपर्यंत."

"बसावंच लागतं."

"तुम्ही माझ्यापायी बसला होतात तसं."

"ते मिटलं, पोरी. त्या घरच्या तावीताने चटई उचलली, मला हाताला धरून उठवलं, जेवू घातलं."

"मी तेव्हा नीरफणसाच्या झाडामागे होते."

"माहीत आहे."

"कसं? तुमचं तर डोकं झाकलेलं होतं."

"आजीची जुनी चटई ती, विरलेली. आरपार दिसायचं."

"म्हणजे मी काय करत होते तेही..."

"रांग सरकली बघ. पिशवी उचल."

"बाबा, दिसलं होतं?"

"डोक्यावर गोणपाट घेऊन मैत्रिणींना माझी नक्कल करून दाखवत होतीस. हुबेहूब जमली होती."