तिच्या बाजूचं दार

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी एक नवरा-बायको बसले होते. समोर विकायला काढलेली एक जुनी, स्वस्तातली गाडी उभी होती.

"अहो, घेऊन टाकू, म्हणजे मी माझी चालवत कामावर जाईन. रोज मला इस्पितळात सोडता आणि मग ऑफिसला उशीर झाला म्हणून कुरकुरता."

"कुरकुरत नाही, नुसतं सांगतो. हिचा हॉर्न ऐकलास? शिंकल्यासारखा वाजतो."

"तुमच्या शिंकेपेक्षा बरा. आणि हिची दारं तरी आतून उघडतात. आपल्या गाडीत माझ्या बाजूचं अडकतं. तुम्ही उतरून, वळसा घालून ते उघडेपर्यंत मी आपली बसून."

"त्याबद्दल कधी कुरकुरलो?"

"नाही. तेवढ्या एकाच गोष्टीबद्दल नाही."

"अगं, एक सांगू? रागावू नकोस. ते दार मी उन्हाळ्यातच दुरुस्त करून घेतलंय."

"माहीत आहे."

"कसं?"

"तुम्ही पेट्रोल भरायला उतरलात, तेव्हा आतून उघडून बघितलं होतं."

"मग रोज बसून का राहतेस?"

तेवढ्यात मेकॅनिक हात पुसत आला. "काय ताई, ठरलं का? घेताय ना?"

"नको हो," ती म्हणाली. "हॉर्न फारच शिंकतो."