पुसलेलं गेज

नाय नाय, खाली कशाला, खुर्चीवर बसा पुंडलिकराव — पोरगी इंजिनेर झाली आन् बाप फरशीवर बसणार व्हय — बसा. तर सांगत होतो, जागा आहे. आमच्याच खात्यात, क्वालिटीत. आन् डिफेन्सची लाइन म्हणाल तर लई चांगली. वाळूजला आता निस्त्या मोटरसायकलीच होतात असं नाय राहिलं. आमची कंपनी केवढी, दोन शेड आन् एक लिंबाचं झाड, पण माल जातो थेट फौजेला. तोफगोळ्याच्या नाकात एक यंत्र असतं, फ्यूज म्हणतात त्याला, गोळा कधी फुटायचा ते तेच ठरवतं — त्यातली बोटाच्या पेराएवढी पितळी बुशी, मधी भोक असलेली, आम्ही करतो. विशाखानं इथं तीन वर्षं काढली की कुठल्याबी सरकारी कारखान्यात अर्ज टाकता येईल तिला. ओळखीची सही पाहिजे ना अर्जावर? देतो की. लासूरवरून एवढ्यासाठीच आलात, मोकळ्या हातानं लावून देईन व्हय मी तुम्हाला.

काम काय? काम सोपं, पण जोखमीचं. तुम्ही बाजार समितीत तोलारी होता, तुम्हाला लवकर समजंल — तुमचा काटा तसं आमचं गेज. पोलादाची कांडी असती, दोन टोकांची. एक टोक बुशीच्या भोकात गेलंच पाहिजे, दुसरं, लाल पट्टीचं, गेलं नाय पाहिजे. लाल गेलं म्हणजे भोक मोठं, माल भंगारात. नाय गेलं की पास, लॉटच्या कार्डावर सही ठोकायची. आन् ती सही त्या मालाच्या मागं जन्मभर फिरती बरं का — गोळा कुठंबी फुटू द्या, कार्ड काढलं की नाव निघतं.

आधी कोण होतं? होता एक. आकाश. तुमच्यातलाच — म्हणजे गंगापूरकडचा, असं म्हणायचंय मला. चांगला पोरगा. हात असा हलका, गेज भोकात ढकलायचा नाय कधी, निस्तं टेकवायचा. सोडली त्यानं नोकरी. म्हणजे — काढलं. सरावाच्या वेळी एक गोळा नळीच्या तोंडाशीच फुटला. दोन जवान होते. एक गेला, एकाचे डोळे गेले. तपास आला, भोकं मोठी निघाली, कार्डावर सही आकाशची. आता डिफेन्सच्या कुठल्याच दारात त्याला उभं करत नाय कोणी. डिग्री आहे, पण जीप चालवतो गंगापूरच्या स्टँडवरून. तुम्ही आज कशानं आलात? पांढरी होती का, मागच्या काचेवर निळं चक्र? — मग तोच.

नाय हो, विशाखाचं तसं कसं होईल, मी आहे ना तिथं. आन् त्याची चूक म्हणाल तर — चूक अशी नव्हती काही. दसरा होता. दसऱ्याला कंपनी बंद, सकाळी पूजा तेवढी करायची. मशिनीला हार, हत्यारांना हळदकुंकू. आकाश नव्हता, तुमची माणसं त्या दिवशी बुद्ध लेणीवर जातात ना, तो आईला घेऊन जायचा दरसाल. शेठ म्हणले, ज्याच्यावर कंपनीचं पोट आहे ते गेजबी ठेवा पाटावर. ठेवलं. कोणीतरी तेलात कालवलेलं कुंकू बोटानं लावलं, लाल टोकालाच नेमकं. दुसऱ्या दिवशी सकाळी रुमालानं वरवर पुसलं आन् पेटीत घातलं. पोलादावर वाळलेला थर कितीसा — केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा. डोळ्याला दिसत नाय. पण तेवढ्यानं टोक जाड झालं, आन् जाड टोक मोठ्या भोकातबी जाईना. जाईना म्हणजे काय? पास. मशीनबी त्याच दिवशी भोक मोठं पाडायली होती. चारशे बुशा गेल्या.

कोणीतरी म्हणजे — आता कपाटाची किल्ली काय दहा जणांकडं असती का? माझ्याकडंच असती.

मुद्दाम केलं का मी? देवाचंच केलं ना? आमच्या वडलांपासून नांगराला लावतो कुंकू, नांगराला कोणी पुसत नाय नंतर. आन् त्यानं तपासून घ्यायला पाहिजे होतं, वापरणाऱ्यानंच साफ करायचं असतं, नियम आहे, भिंतीवर लावलाय — तपासाच्या साहेबाला मी तेच सांगितलं. खोटं सांगितलं का? नाय. आकाश समोरच उभा होता. माझ्याकडं बघत होता. मला वाटलं आता बोलंल, आता बोलंल — पण त्याला वाटत होतं मीच बोलंन. त्यासाठीच थांबला होता तो. हे मला नंतर कळलं, घरी जेवताना.

कारण त्यानं विचारलं होतं हो मला. सकाळी आठला, पहिल्या पाळीला, दारात उभा राहून — सर, सुट्टी होती, गेज स्पिरिटनं पुसलंय का? गेज पूजेला ठेवलेलं त्याला माहीतच नव्हतं. मी चहा पीत होतो. पुसलंय, म्हणलं, घे.

रिटायरला पाच वर्षं राहिलीत माझी. पोरगा, शिवराज, पुण्याला शिकायलाय, त्याचं व्हायचंय अजून. गेलेला जवान माघारी येणार होता का मी बोलल्यानं? नाय येणार. आकाशचं — आकाशचं झालं असतं काहीतरी, ते खरं आहे.

असं काय बघता पुंडलिकराव. आणा तो अर्ज. ही बघा, केली सही — बद्रीनाथ, क्वालिटी इनचार्ज, खाली शिक्काबी मारतो. सोमवारी आठला पाठवा विशाखाला, मुलाखत निस्ती नावाला. हे आत्ता जे बोलणं झालं ते तेवढं इथंच राहू द्या, तिच्याच भल्याचं आहे, तिला त्याच खुर्चीत बसायचंय. आन् तिला सांगा, सणाच्या दुसऱ्या दिवशी गेज आपल्या हातानं पुसायचं, कोणी पुसलंय म्हणलं तरी. मी म्हणलं तरी.

उठलात कशाला? चहा ठेवलाय आत. जीपला वेळ आहे अजून, तो माणसं भरल्याशिवाय हलत नाय — पुंडलिकराव.

अहो, कागद राहिला तुमचा.